भलत्याच दुकानात केलेली बोहनी

खरं तर हा किस्सा मी कुणाला सांगायचा नाही, असं ठरलेलं आहे. मंगलकाकूने तर गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली. म्हणाली, "ऋते, त्यांची गावात मजाक होईन गं. बोलू नको कुठं."

पण मी बोलतेय कुठे? मी लिहितेय. लिहिण्याबद्दल शपथेत काहीच नव्हतं!

तसं बोलणं हे माझं काम नाहीच. वर्गात हजेरी घेताना माझा नंबर आला की शेजारची मुलगीच माझ्या वतीने "हजर" म्हणते. पाहुणे आले की मी मागच्या खोलीत जाते आणि ते गेले की बाहेर येते. अशा माझ्या तोंडून एकदाच, चारचौघांत, चक्क माईकवर, एक शब्द निघाला. फक्त एक. आणि त्या एका शब्दाने आमची अख्खी गल्ली रडवली. खोटं वाटतं ना? ऐका तर.

आमच्या गावात मारुतीच्या पाराला लागून सुभाषकाकांचं किराणा दुकान आहे. नात्याने ते आमचे कुणी लागत नाहीत, पण सगळं गाव त्यांना काकाच म्हणतं. मंगलकाकू त्यांची बायको. मी लहान असताना एकदा सकाळी सकाळी मम्मीने मला काडेपेटी आणायला पाठवलं. त्या दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक मीच. म्हणजे बोहनी माझ्या हातून झाली. आणि त्याच दुपारी कुणाच्या तरी लग्नाचा सगळा किराणा काकांकडून गेला! झालं. "या पोरीच्या हाताला गुण हाये," काका म्हणाले, आणि मला नोकरीच लागली.

तेव्हापासून रोज शाळेच्या आधी मी दुकानात जायचे. चहापत्तीची पुडी, मेणबत्ती, असलं काहीतरी घ्यायचे. काका माझे पैसे आधी तराजूला लावायचे, मग डोळ्यांना. मी म्हणायचे, "बरकत." काका म्हणायचे, "तुझ्या तोंडात साखर," आणि खरोखरच बरणीतला खडीसाखरेचा खडा हातावर ठेवायचे.

मी येईपर्यंत ते कुणाला काही म्हणजे काही देत नसत. पारावर माणसं ताटकळत बसलेली असायची.

"काका, बिडी द्या की! कवाचा थांबून राह्यलो."

"दम धर. ऋतू येऊ दे."

"अन् ती आज आलीच न्हाई तर?"

"तर आज बिडी नको पिऊ. छाती साफ होईन तुझी."

मी दिसले की तीच माणसं "आल्या, मालकीणबाई आल्या!" म्हणून उठून वाट द्यायची. मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. पण खरं सांगू का? आवडायचंही. एकदा मला ताप आला, तर काका तराजू खांद्याला अडकवून आमच्या घरी आले, अंथरुणात माझ्या मुठीतून नाणं घेतलं, बोहनी केली आणि तराजू घेऊन परत गेले!

त्या दुकानात मला कधी काही मागावं लागलं नाही. आत गेलं की गूळ, बडीशेप आणि नव्या सुतळीचा मिळून एक वास यायचा. मी नुसती उभी राहायचे आणि काकांना कळायचं. काही वस्तू तर काकू स्वतः आतून, कागदात गुंडाळून, माझ्या दप्तरात सरकवायची आणि मोठ्याने म्हणायची, "घे गं, साबुदाणा!" महिन्यातून एकदा आमच्याकडे असा साबुदाणा यायचा.

मग मागच्या दिवाळीच्या तोंडावर वडीगोद्रीच्या अलीकडे, हायवेला, ते मोठं दुकान आलं. आहे लोखंडी शेडच, वर पत्रे. पण आत गार हवा सोडतात आणि ढकलायच्या गाड्या आहेत, म्हणून सगळे त्याला मॉल म्हणतात. उद्घाटनाच्या दिवशी तेल फार स्वस्त मिळणार, असं रिक्षातून ओरडत गेले. मम्मीची रात्रभर चुळबुळ चालली होती.

"एकदाच जाऊ," ती मला म्हणाली. "तेलापुरतं. काकाला कळायच्या आत घरी."

"काकांची बोहनी?"

"आल्यावर कर. आज इतवार हाये, ते बी उशिराच उघडतेत."

गावातल्या कुणी बघू नये म्हणून आम्ही पहिल्या जीपने निघालो. आता तुम्हीच सांगा, सगळ्यांच्या आधी निघालेला माणूस सगळ्यांच्या आधीच पोचणार ना? ही साधी गोष्ट आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आली नाही.

शटर वर गेलं आणि ढोलताशा सुरू झाला. आम्हाला वाटलं, मागून कुणी पुढारी आला. मागे वळून बघितलं तर मागे कुणीच नाही. ढोल आमच्यासाठीच वाजत होता!

"आणि हे आपले पहिलेऽऽ ग्राहक!" कोटातला एक माणूस माईकवर ओरडला.

मी मम्मीचा हात पकडायला गेले, तर हात नाही. मम्मी पदर नाकापर्यंत ओढून तेलाच्या डब्यांमागे बसलेली! माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. जाडजूड, ओला.

"ताई, नाव सांगा आपलं!"

मी सांगितलं. पण ते मला तरी ऐकू आलं की नाही शंका आहे.

"मोठ्यांदा सांगा, ताई!"

"ऋतुजा!" असा आवाज तेलाच्या डब्यांतून आला.

मग त्यांनी मला काउंटरपाशी नेलं. हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हणाले, ही आपली पहिली खरेदी, पैसे द्या. मी मम्मीने दिलेली नोट काढली. समोर छान केस बांधलेली मुलगी हात पुढे करून बसलेली. तोंडासमोर माईक. सगळे माझ्याकडे बघतायत. अशा वेळी माणूस काय करतो? जे रोज करतो तेच करतो. मी नोट त्या मुलीच्या हातावर ठेवली आणि स्पष्ट म्हणाले,

"बरकत."

तो शब्द पत्र्यांवर आपटून दोनतीनदा फिरला. मग टाळ्या! कोटातला माणूस इतका खूश झाला की त्याने मला परत हार घालायचाच बाकी ठेवला. "वा! वा! घ्या रे फोटो!" लख्खकन उजेड पडला आणि माझे डोळे मिटले.

तेव्हा मला कळलं की आपण काय करून बसलो. पण शब्द काही परत घेता येत नाही. तसलं काउंटर तिथे नव्हतं.

परत येताना आम्ही सडक सोडून पांदीच्या वाटेने, कपाशीच्या रानातून आलो. तर समोरून शेजारची शांताबाई, मागे तिची सून. आमच्या हातात पिशव्या, त्यांच्या हातात रिकाम्या पिशव्या.

"कुठं गेल्तीस गं?"

"डॉक्टरकडं," मम्मी म्हणाली. "तुम्ही?"

"आम्ही बी डॉक्टरकडंच चाललो."

पुढे अजून चारजण भेटले, तेही डॉक्टरकडेच. त्या दिवशी आमचं अर्धं गाव आजारी होतं, आणि डॉक्टरने सगळ्यांना तेलाचे डबेच लिहून दिले!

घरी आले, पण दुकानाकडे पाय वळेना. कोणत्या तोंडाने जाऊ? रोजची बरकत तर मी दुसरीकडे देऊन आले होते. मी मम्मीला म्हटलं, पोट दुखतंय. काकांनी पारावरून विचारलं, "ऋतू काहून न्हाई आली?" मम्मीच्याही मनात चोर. ती म्हणाली, "जरा ताप हाये."

दुसऱ्या दिवशी काका तराजू घेऊन निघालेच होते. मम्मीने त्यांना कोपऱ्यावरच गाठलं. "नका येऊ हो काका. लई फणफणलंय लेकरू. डॉक्टरनं कुणाला भेटू देऊ नका सांगितलंय."

तिसऱ्या दिवशी तर मम्मी म्हणाली, "अंबडच्या दवाखान्यात न्यावं लागतंय की काय, देवाला माहीत." मम्मीला मी पुष्कळ वर्षं ओळखते, पण तिच्यात एवढी कला आहे हे मला माहीत नव्हतं. आणि फणफणलेलं लेकरू काय करत होतं? मागच्या खोलीत बसून मॉलची बिस्किटं खात होतं.

इकडे काय झालं, ते मला नंतर कळलं. पाव घ्यायला काका रोज सकाळी फाट्यावर जातात. चष्मा दुकानातच ठेवून जातात, कारण त्यांच्या मते तो फक्त वजन बघायला असतो. चौथ्या दिवशी सकाळी फाट्यावर नवा फ्लेक्स लागला होता. भला मोठा. मधोमध मी. गळ्यात झेंडूचा हार. डोळे मिटलेले. खाली ठळक अक्षरांत 'कु. ऋतुजा'. बाकी मजकूर बारीक.

आता आमच्या फाट्यावर दोनच प्रकारचे फ्लेक्स लागतात. एक वाढदिवसाचे, एक श्रद्धांजलीचे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माणसाला गॉगल असतो. मला गॉगल नव्हता.

काकांनी पावाची पिशवी तिथेच टाकली.

मी मागच्या खोलीत होते. तेलाबरोबर फेसपॅकची एक पुडी फुकट मिळाली होती. घरात कुणी बघत नाही तर लावून बघावी, म्हणून मी ती चेहऱ्याला फासून आरशासमोर बसले होते. वाळली की हसायचं नाही, असं पुडीवर लिहिलेलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून आवाज आला.

"माझी लक्ष्मी गेली गं मायऽऽ! माझ्या दुकानाची लक्ष्मी गेलीऽऽ!"

मंगलकाकूचा आवाज. मला वाटलं, कळलं! मी मॉलमध्ये गेले ते कळलं, आणि आता काकू साऱ्या गावासमोर माझी चोरी सांगतेय.

"सोन्यासारखी पोर होती गंऽऽ!" आता शांताबाईनेही सूर लावला. कशासाठी रडायचंय हे तिने विचारलंसुद्धा नाही. एक आवाज म्हणाला, "अंबडहून आणलं का?" दुसरा म्हणाला, "भाऊकीला निरोप दिला का न्हाई?" मला कशाचाच अर्थ लागेना. मॉलला गेलं म्हणून भाऊकी बोलावतात?

मग मी एक आवाज ऐकला, तो मात्र मी आधी कधीच ऐकला नव्हता. सुभाषकाका रडत होते. मोठ्याने नाही. लहान मुलाला श्वास पुरत नाही, तसे.

माझ्याने राहवलं नाही. माफी मागायची म्हणून मी तशीच धावत दारात गेले. तोंड पांढरं फटक. ओठ हलेनात.

शांताबाई किंचाळली आणि तिच्या सुनेच्या अंगावर पडली. एकाने तर रामरक्षा सुरू केली. फक्त काका पळाले नाहीत. ते सरळ माझ्यापाशी आले आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. त्यांच्या हाताला पांढरी माती लागली.

"ताप न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई, काका."

"जित्ती हायेस?"

"हो, काका."

काका मटकन आमच्या पायरीवर बसले. उपरण्याने डोळे पुसू लागले आणि तेच करता करता हसू लागले. काकूने मला ओढून जवळ घेतलं, तिचा सगळा पदर पांढरा झाला. "मंग त्यो फाट्यावर फोटो कशाचा, गं? हार घातलेला?"

मम्मी तेवढ्यात पाणी भरून आली होती. मी तिच्याकडे बघितलं. मम्मी डगमगली नाही.

"बक्षीस मिळालं तिला," ती म्हणाली. "वक्तृत्वात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकाही.

"ही?" काका म्हणाले. "बोलली?"

"बोलली ना! माईकवर बोलली!"

काका उठले. एवढा वेळ रडलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला ना, तो मला अजून आठवतो. "आमची ऋतू माईकवर बोलली! अरे, दुकान उघडून रेवड्या वाटतो सगळ्यायला! पण आधी बोलून दाखव पोरी. काय बोललीस? आम्हाला बी ऐकू दे."

सांगा, आता मी काय करू? तिथे मी जे बोलले होते, तेच तर सांगायचं नव्हतं. फेसपॅक गालावर तडकत होता. मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलले.

"काका, मी मॉलला गेल्ते, पहिलीच पोचले, त्यांनी हार घातला, अन् पैसे देताना मी सवयीनं बरकत म्हणाले."

पांदीत भेटलेले सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

काकांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"तिथं बी म्हणालीस?"

मी मान हलवली.

"मंग चालणार बघ ते दुकान," काका म्हणाले.

टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते टोमणा मारत नव्हते. पावसाळा कसा होईल हे सांगावं, तसं सांगत होते.

काकूच म्हणाली, "उठा आता. लेकरू जित्तं हाये, अजून काय पाहिजे? अन् ऋते, तू बी चल. तीन दिवस झाले, बोहनी न्हाई." मग माझ्या कानाशी येऊन तिने ती शपथ घातली. काका रडले ते बोलायचं नाही.

मी तोंड धुऊन गेले. काडेपेटी घेतली. काकांनी पैसे तराजूला लावले, डोळ्यांना लावले आणि वाट बघत उभे राहिले. पारावर सगळे बसलेले होते, पण एकानेही "बिडी द्या" म्हणून घाई केली नाही. शेवटी मी म्हणाले. काकांनी खडीसाखर दिली. नेहमीपेक्षा मोठा खडा होता. तो मी खिशात ठेवला.

आता ते मोठं दुकान असं चाललंय की काय विचारता! शेजारी दुसरी शेड बांधतायत. लोक मला बघून म्हणतात, "पोरीच्या हाताला गुण हाये, काका खोटं न्हाई बोलत." परवा केस कापायचं दुकान निघालं, तर त्यांनीही मला बोलावलं! सुभाषकाकांचा तेवढा एक शब्द खोटा ठरावा असं मला फार वाटत होतं, पण तेही मला जमलं नाही.

मी रोज जातेच. पण आमच्या घरात आता सगळं आधीच आलेलं असतं, घ्यायचं काय? मॉलमध्ये जे मिळत नाही ते घेते. उंदराचं औषध, कंदिलाची वात, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. आमच्याकडे बैल नाही. उंदीरही नाही. मम्मीच्या डब्यात औषधाच्या पुड्या मात्र एवढ्या झाल्यात की साऱ्या तालुक्याचे उंदीर घाबरून आहेत.

मॉलमध्येही मला काही बोलावं लागत नाही. वस्तू उचलायची, यंत्र टुंग म्हणतं, झालं. माझ्यासारखीला किती सोयीचं! पण तिथे मी बोलत नाही हे कुणाच्या लक्षातच येत नाही. 'साबुदाणा' तिथे उघड्या गाडीत ठेवून सगळ्यांसमोरून न्यावा लागतो.

काकांच्या बरण्या आता मागच्या ओळीत रिकाम्याच असतात. पुढच्या ओळीत थोडं थोडं भरून ठेवतात, म्हणजे लांबून दुकान भरलेलं दिसतं. सुतळीचा वास आहे अजून, गुळाचा येत नाही. पारावरही कुणी नसतं. आधी लोक तिथे माझी वाट बघायचे, आता मी आणि काका तिथे बसून लोकांची वाट बघतो. काका मध्येच म्हणतात, "ऋते, शाळेला उशीर होईन, जाय जल्दी." मी म्हणते, "थांबते अजून थोडं."

गावात कुणालाही विचारा, ते दुकान राहिलंच पाहिजे असं म्हणेल. शांताबाई म्हणते, मम्मीही म्हणते. मला तर इतकं वाटतं की कधी कधी रात्री झोप येत नाही. म्हणून मी आता नक्की ठरवलंय. कुणी काहीही म्हणो, कितीही स्वस्त देवो, यापुढे मी त्या मॉलमध्ये पुन्हा कधीही

"ऋतेऽऽ! अगं जीप भरून राह्यली! त्या दोन मोठ्या पिशव्या घे अन् पळ, आज साबणावर साबण फुकट हाये!"

आले गं, मम्मी! एक वाक्य राहिलंय! तर मी सांगत होते, यापुढे मी त्या मॉलमध्ये पुन्हा कधी